पासष्टीच्या आदल्या दिवशी

त्या शनिवारी दुपारी बाइंडिंगचं लांब टेबल पूर्ण रिकामं झालं. असं मी तोवर फक्त दोनदा पाहिलं होतं: बाबा गेले तेव्हा, आणि वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा. खळीचं पातेलं खिडकीत गेलं. दाबाखालून काढलेली हजेरीबुकं जिन्यावर चळत लावून बसली. टेबलाच्या मधोमध मुंगीने आपला लॅपटॉप अशा थाटात ठेवला, जणू आतून कुणी बाहेर येऊन आमच्याशी बोलणार होतं.

"आत्या, बस. आज तुझं स्थळ ठरवायचंय."

"आता? चौसष्टाव्या वर्षी?"

"आत्ताच. उद्या तुला पासष्ट पूर्ण झाली, की हे तिघंही नकार देणार. नवीन माणूस घेत नाहीत पासष्टनंतर. ऑफिस पाचला बंद होतं आणि आता दीड वाजलाय."

मुंगी म्हणजे दादाची एकुलती एक मुलगी. लहानपणी कटिंग मशीनखाली पडलेल्या कागदाच्या पट्ट्या एकेक करून कुठेतरी नेऊन लपवायची, म्हणून मुंगी. आता ती एका मोठ्या हॉस्पिटलात विम्याच्या खिडकीवर बसते. कुणाचं बिल मंजूर झालं, कुणाचं अडलं, हे काचेपलीकडच्या माणसाला सांगायचं, हे तिचं काम. त्यामुळे तिच्या उत्साहाला एक धार होती. ती खेळत नव्हती.

हे सगळं सुरू झालं ते मंडळाच्या पत्रामुळे. छापखाने आणि बाइंडर यांच्या मंडळाचा सामुदायिक विमा आम्हाला एकवीस वर्षं पुरला होता. सभासदाने वर्गणी भरायची, घरच्यांनी त्याच्या सावलीत बसायचं. दादा सभासद, वहिनी त्याची बायको, मी त्याची बहीण. नऊ दिवसांपूर्वी चार ओळी आल्या: पुढच्या महिन्यापासून कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं. दादाने पत्र तीनदा वाचलं, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. मग त्याने मंडळाला तीन दिवसांत तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही.

आणि म्हणून तो आमच्याकडे पाठ करून कटिंग मशीनपाशी उभा होता. धार लावलेल्या पात्याला पुन्हा धार लावत होता.

"बाबा, ये ना इकडे," मुंगी म्हणाली.

"तुमचं चालू द्या. मी मंडळाच्या उत्तराची वाट बघतोय."

"उत्तर सोमवारी येईल, नाहीतर येणारच नाही. आत्याची पासष्टी मात्र उद्या नक्की येणार."

"वेगळी पॉलिसी कशाला? वेगळी चूल मांडतेय का ती?"

दादा मला लहानपणापासून 'सुई' म्हणतो. बाबांनी मला नवव्या वर्षी फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, शिवायला बसवलं, तेव्हापासून. या घरातून बाहेर गेलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या कण्यात माझा दोरा आहे. अशा माणसाला वेगळं व्हायचंय का म्हणून विचारणं म्हणजे दोऱ्याला विचारणं, की बाबा, पुस्तकात राहायचंय का. पण दादा रागाने बोलत नव्हता, हे मला कळत होतं. त्याने मला तीन वर्षांनी सांगितलं, की त्या नऊ दिवसांत त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: बाबांनी जाताना त्याला सांगितलं होतं, हिला सांभाळ. आणि चार ओळींच्या पत्राने ते काम त्याच्या हातातून काढून घेतलं होतं. त्याला वाटत होतं, मी वेगळा फॉर्म भरला तर पत्र खरं ठरेल.

तेवढ्यात धाकटा आला. आमचा धाकटा भाऊ शाळेत चित्रकला शिकवतो, आणि साधं दूध आणायचं असलं तरी आधी त्याचा आराखडा काढतो. काखेत मोठी गुंडाळी, बोटांना निळा रंग.

"ताई, डोळे मिट! मिट मिट. दादा, खिळे दे चार. वहिनी, चहा."

"खिळे तिथेच आहेत," वहिनी म्हणाली, "आणि चहाही तिथेच आहे, स्टोव्हवर. हात आहेत ना दोन?"

डोळे उघडले तर भिंतीवर तीन पुरुष. कार्डशीटवर, रंगीत खडूंनी, पुरे दोन फूट उंच. पहिला किडकिडीत, हातात इवलीशी छत्री, छत्रीला भोकं. दुसरा टायवाला, केस चोपून बसवलेले, दात पांढरेशुभ्र. तिसरा जाड चष्म्याचा, कपाळाला आठी, हातात भिंग.

"ही तीन स्थळं," धाकटा म्हणाला. "कंपन्यांची माहिती मुंगीने दिली, चेहरे माझे."

वहिनी इतकी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. "अहो, तो टायवाला तुमच्या हेडमास्तरांसारखा आहे हुबेहूब!"

"म्हणूनच विश्वास ठेवू नका त्याच्यावर."

मुंगीने पट्टी उचलली आणि मास्तरीणबाईंसारखी पहिल्याच्या छत्रीवर टेकवली. "हा किडक्या. सगळ्यात स्वस्त. पण खोलीचं भाडं एका मर्यादेपर्यंतच देतो, आणि प्रत्येक बिलातला पाचवा हिस्सा आपण भरायचा."

"म्हणजे लग्नाला बोलवायचं आणि ताट घरून आणा म्हणायचं," वहिनी म्हणाली.

"बरोब्बर. हा दुसरा, टायवाला. मोठी रक्कम, वर्षाला एक तपासणी फुकट, व्यायामशाळेत सवलत."

"मला व्यायामशाळेत?" मी म्हटलं. "अगं, दिवसभर ओणवी बसून शिवते, तो काय आराम आहे?"

"पण याच्यात मेख आहे. आधीपासूनचं कुठलंही दुखणं असेल तर त्याच्यासाठी तीन वर्षं थांबायचं. तीन वर्षं तो फक्त हसणार, देणार काही नाही."

"आणि हा भिंगवाला?"

"हा चष्मेवाला. महाग. प्रश्न फार विचारतो, कागद मागतो, तपासणीला बोलावतो. नापसंत केलं तर सरळ नाही म्हणतो. पण एकदा हो म्हटलं, की जुन्या दुखण्यालाही एका वर्षातच पैसे देतो."

"मग टायवालाच!" धाकट्याने टेबलावर थाप मारली. "ताईला कुठलं आलंय जुनं दुखणं? तो गळ्याचा गोळा सोडला तर. घोड्यासारखी धडधाकट आहे."

"घोड्याला गळ्यात गोळा नसतो," दादा पाठमोरा असतानाच म्हणाला. आम्ही सगळे हसलो. नऊ दिवसांत दादा पहिल्यांदा विनोद करत होता. वहिनीने मला डोळ्याने खुणावलं: वितळतोय.

मीही हसले. पण हसू फार टिकलं नाही. कारण आता पुढे काय येणार ते मला सकाळपासून ठाऊक होतं. आता मुंगी म्हणणार, जुन्या दुखण्यांचे कागद काढा.

"जुन्या दुखण्यांचे कागद?" मुंगी म्हणाली. "बाबा, 'घरची दुखणी' कुठेय?"

आमच्या घराची ही एक खोड आहे. दुसऱ्यांच्या घरात औषधांच्या चिठ्ठ्या, एक्सरे, रिपोर्ट पिशवीत असतात, उशाखाली असतात. आमच्याकडे कुठलाही सुटा कागद दोन आठवडे दिसला की दादा तो बांधून टाकतो. विजेची बिलं बांधलेली आहेत, मुंगीच्या शाळेच्या चिठ्ठ्या बांधलेल्या आहेत. आणि सगळ्यांची सगळी आजारपणं हिरव्या कापडात, कण्यावर सोनेरी अक्षरांत: 'घरची दुखणी, खंड तिसरा'. बाबांचा दमा, आईचे गुडघे, वहिनीची दोन बाळंतपणं, त्यातलं एक वाया गेलेलं, सगळं एकापाठोपाठ एक, एकाच दोऱ्यात. दादा चळत लावून देतो, मी शिवते, तो कापतो. इतकी वर्षं हेच.

खंड टेबलावर आला तेव्हा त्याच्यात काय आहे हे त्या खोलीत मला एकटीलाच माहीत होतं.

सांगूनच टाकते. सात महिन्यांपूर्वी दादाच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं. मंडळाच्या विम्याची सबंध वर्षाची रक्कम त्यात गेली. आम्ही कुणी त्याबद्दल कुरकुरलो नाही, दादा जगला हेच पुष्कळ होतं. तो हॉस्पिटलात असताना मला जिना चढताना धाप लागायला लागली. मी एकटीच, दुसऱ्या एका डॉक्टरकडे गेले. इको काढला. डॉक्टर म्हणाले, हृदयाची एक झडप अरुंद झालीय, दोन वर्षांच्या आत बदलावी लागेल. मी कागद घेऊन घरी आले. दाखवणार कुणाला? दादाच्या छातीवर तेव्हा टाके होते. वहिनी सलाइन मोजत होती. कपाटात ठेवला तर सापडला असता, आणि फाडायला माझा हात धजला नाही. कागद फाडणं आमच्या घरात कुणाला जमतच नाही. मग दादाचे डिस्चार्जचे कागद शिवायला माझ्याकडे आले, तेव्हा मी माझा कागद घडी घालून त्याच्याच फर्म्यात मधोमध घातला आणि शिवून टाकला. बांधलेल्या पुस्तकात कागद लपवला की तो कुणीच शोधत नाही.

"गळ्याचं ऑपरेशन," मुंगी पानं उलटत म्हणाली. "सापडलं! पण तारीख कुठेय? बाबा, तारीख कापलीस तू!"

"दाखव," दादा वळला. अखेर वळला. चष्मा कपाळावरून नाकावर आणला. पानाच्या उजव्या कडेला डॉक्टरची सही होती, अर्धी, आणि तिच्यावर जिथे तारीख असायला हवी तिथे पान गुळगुळीत, सरळ, सुरेख कापलेलं होतं. "कडा समान व्हायला नको? खडबडीत ठेवू?"

"बाबा, रुग्णाची तारीख कापून कडा समान करणारं घर जगात हे एकच असेल!"

"अहो, माझ्या बाळंतपणाच्या पानावर माझं नावच अर्धं आहे," वहिनी म्हणाली. "ती बाई बाळंत झाली की नाही तेच कळत नाही."

धाकटा खुर्चीवर उभा राहून ओरडत होता, "साल तरी? साल तरी आठवा कुणीतरी!" दादा म्हणाला बावीस वर्षं झाली, वहिनी म्हणाली एकोणीस, कारण तेव्हा मुंगीचे पुढचे दात पडले होते.

"थांबा," मी म्हटलं. "मी दवाखान्यात गेले तेव्हा कोर्टाची लाल रजिस्टरं अर्धी शिवून झाली होती. एकशे चाळीस होती. उरलेली सत्तर वहिनीने शिवली आणि टाके सैल पडले म्हणून परत आली."

"हे अजून काढायचंय का तुम्हाला?" वहिनी म्हणाली, पण हसत.

"कामाच्या वहीत बघ. कोर्ट, लाल, एकशे चाळीस."

धाकटा धावत माडीवर गेला आणि कामाची वही छातीशी धरून खाली आला. तीन मिनिटांत तारीख सापडली. आम्ही सगळे असे ओरडलो, की रस्त्यापलीकडच्या शिंप्याने खिडकीतून विचारलं, "काय, मुंगीचं जमलं का?"

"आत्याचं जमतंय!" मुंगी ओरडली.

अडीच वाजले होते. मुंगीची बोटं भराभर चालली होती. उंची, वजन, गळ्याचा गोळा, कुणी डॉक्टरने काढला, परत झाला का. ती प्रश्न मोठ्याने वाचायची, आम्ही तिघं चौघं एकदम उत्तर द्यायचो, आणि ती आपल्याला हवं ते लिहायची. टायवाल्याचाच फॉर्म होता तो. धाकट्याने चित्रातल्या टायला आणखी एक गुलाबी रेघ दिली.

"मधुमेह? नाही. रक्तदाब?"

"नाही," वहिनी म्हणाली.

"हृदयविकार?"

"छे," धाकटा म्हणाला.

मुंगीचं बोट खाली आलं. 'नाही'च्या चौकोनावर टेकायच्या आधी ती नेहमीच्या सवयीने बोलली. मला तिचं ते वाक्य शब्दन्‌शब्द आठवतंय. "हे नीट भरायला पाहिजे हं आत्या. गेल्या महिन्यात एक वेल्डर आला होता. बायकोचं ऑपरेशन झालेलं. फॉर्मवर साखर 'नाही' लिहिली होती आणि बाईंना दहा वर्षं साखर. एक पैसा मिळाला नाही. काचेतून तो मला विचारतोय, ताई, एका खुणेसाठी? मी काय सांगू?"

तिच्या आवाजात तेव्हा उत्साह नव्हता. तो वेल्डर अजून तिच्या खिडकीत उभा होता.

"थांब," मी म्हटलं.

बोट थांबलं.

"खंड उघड. दादाचे डिस्चार्जचे कागद. मधल्या टाक्यापाशी बघ, घडी केलेलं पान आहे."

कुणाला काही कळलं नाही. मुंगीने पान काढलं, म्हणजे काढता आलं तेवढं उलगडलं. वाचलं. तिला वाचायला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. ती रोज असले कागद वाचते. तिचा चेहरा आधी कामाचा झाला, मग भाचीचा झाला.

"सात महिने?" ती म्हणाली. "आत्या, सात महिने?"

मग सगळं एकदम. धाकटा खुर्चीवरून उतरला. दादाने तिच्या हातातून खंड घेतला आणि स्वतः वाचायला लागला. चष्मा कपाळावर होता हे त्याच्या लक्षातच आलं नाही. वाचता येईना म्हणून तो चिडला, आणि चिडला म्हणून ओरडला.

"माझ्या कागदात? माझ्या कागदात लपवलंस? मला विचारायचं तर होतं!"

"तुला कधी विचारणार? तुझ्या नाकात नळी होती तेव्हा?"

"नंतर विचारायचं! महिन्याने विचारायचं!"

"महिन्याने तू पहिल्यांदा जिना उतरलास. सगळे टाळ्या वाजवत होते. तेव्हा सांगू?"

दादा खाली बसला. खंड त्याच्या मांडीवर होता. त्याने मला नंतर सांगितलं, की तेव्हा त्याला फक्त एक गोष्ट दिसत होती: विम्याची रक्कम एकच होती, आणि ती त्याच्या छातीत गेली होती.

धाकटा सावरला सगळ्यात आधी. "बरं, ऐका. हा कागद कुणी पाहिलाय? आपण पाच जणांनी. बांधलेला आहे. बांधलेलाच राहू दे. 'नाही'वर खूण करा, टायवाल्याला पाठवा, तीन वर्षं..."

"धाकट्या!" मुंगी म्हणाली. रागावली की ती काकाला असंच म्हणते. "आत्ताच वेल्डरचं सांगितलं ना?"

"वेल्डरचं वेगळं. इथे ताई आहे. खरं लिहिलं तर कुणी घेणारच नाही तिला. मग उद्यापासून काय?"

मुंगीने बापाकडे पाहिलं. दादाने आयुष्यात बाइंडिंगच्या बिलात एक पानही जास्त लावलेलं नाही. गिऱ्हाइकाचा कोरा कागद उरला तर परत करतो. तिला खात्री होती तो काय म्हणणार त्याची.

दादा म्हणाला, "नको लिहूस."

"बाबा?"

"नको लिहूस म्हटलं ना. धाकटा बरोबर बोलतोय. आधी तिला आत तर घेऊ दे कुणाला तरी."

त्या दोघांचं एकमत गेल्या तीस वर्षांत कशावर झालं असेल तर ते याच्यावर. मुंगीचे डोळे भरून आले. ती आता एकटी पडली होती, आणि भिंतीवरचे तिघे पुरुष आमच्याकडे बघत होते.

तेव्हा वहिनी उठली. वहिनीचं आणि माझं सूत फारसं जमलेलं नाही, हे इथवर वाचत आलेल्या कुणालाही सांगायला नको. टाके सैल पडले म्हणून मी तिला बोलले होते, आणि मी बोलले म्हणून तिने वर्षभर सुई हातात धरली नव्हती. ती टेबलापाशी आली आणि तिने दादाच्या मांडीवरचा खंड उचलला.

"वन्सं सहाव्या पायरीवर थांबतात," ती म्हणाली. "रोज. पाणी घेऊन वर येताना. मी स्वयंपाकघरातून ऐकते. सहा पावलं वाजतात, मग थांबतात. सात महिने मला वाटलं, माझ्यावर रुसून थांबतात." तिने पदराने नाक पुसलं. "मी म्हटलं, रुसू दे. मीही नाही बोलणार. आणि त्या तिथे श्वास घेत होत्या."

धाकट्याने जिन्याकडे पाहिलं.

"खोटं लिहून घेतलेल्या कागदावर तुम्ही दोघं झोपाल शांत," वहिनी पुढे म्हणाली. "पण त्या हॉस्पिटलात जातील तेव्हा काचेपलीकडे आपली मुलगी बसलेली असेल. तिने काय सांगायचं मग? मुंगी, तो चष्मेवाला काढ."

"आई, तो नाहीसुद्धा म्हणू शकतो."

"म्हणू दे. खरं सांगून नाही ऐकलेलं बरं. वन्सं, तुम्ही बोला. तुमचं स्थळ आहे."

माझ्याकडे सगळ्यांनी पाहिलं. मला हे इतकं नवीन होतं, की मला हसू आलं. आयुष्यभर या टेबलापाशी मी ठरलेल्या गोष्टी शिवत आले होते. ठरवायला मला कुणी बसवलं नव्हतं.

"चष्मेवाला," मी म्हटलं. "मला प्रश्न विचारणारा माणूस आवडतो."

धाकट्याने टायवाल्याचं चित्र एका झटक्यात भिंतीवरून काढलं. हरला की तो लगेच जिंकणाऱ्याच्या बाजूला जातो, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. "चला! वाजले किती? साडेतीन! मुंगी, चल, बघतेस काय?"

मुंगीने फोन स्पीकरवर ठेवला. एजंटबाई ओळखीची होती, आवाजावरून चणे खात असावी. "झडपेचा रिपोर्ट आहे? पाठवा. पण पूर्ण पान दिसलं पाहिजे. नाव, तारीख, सही, चारही कोपरे. अर्धवट पान आलं तर सिस्टिम परत पाठवते. आणि पाचच्या आत, हं. पाचला मी उठते."

पानाची तारीख शाबूत होती, कारण मी ते घडी घालून आत टाकलं होतं आणि दादाच्या पात्याखाली ते सापडलं नव्हतं. पण नाव कण्यात गेलं होतं. मी इतकं घट्ट शिवलं होतं, की माझ्या नावाची पहिली दोन अक्षरं टाक्याच्या आत होती. धाकट्याने खंड उलटा धरून पाहिला, मुंगीने कॅमेरा आत घुसवून पाहिला. नाही दिसत म्हणजे नाही दिसत.

"उसवावा लागेल," मी म्हटलं.

बांधलेलं पुस्तक उसवायचं नाही, हा बाबांचा नियम. गिऱ्हाइकाने दुप्पट पैसे देऊ केले तरी बाबा त्याला दुसऱ्या दुकानाचा पत्ता द्यायचे. दादाने तो नियम पन्नास वर्षं पाळला होता. तो उठला, कटिंग मशीनपाशी गेला. मला वाटलं, पुन्हा पाठ करून उभा राहील. त्याने फळीवरून लहान सुरी घेतली, अंगठ्यावर धार पाहिली आणि मूठ माझ्याकडे करून पुढे धरली.

"मी धरतो," तो म्हणाला. "तू काप. तुझे टाके आहेत, तुलाच माहीत कुठे सुरू होतात."

त्याने दोन्ही तळहातांनी खंड उघडून दाबून धरला. त्याचा श्वास माझ्या हातावर लागत होता. मी फर्म्याच्या पोटातला दोरा कापला. एक, दोन, तीन, चार. मेण लावलेला दोरा तुटताना बारीक आवाज करतो, तो पाच जणांनी ऐकला. दादाचे कागद सुटले, आणि त्यांच्यातून माझं पान अलगद बाहेर आलं. सगळ्यांच्या दुखण्यांतून माझं दुखणं वेगळं झालं, आणि खरं सांगते, मला त्याचं वाईट वाटलं नाही. जिवावरचं ओझं उतरलं.

"फोटो!" धाकटा ओरडला. "उजेडात! खिडकीत धर! खळीचं पातेलं सरकव, अरे!"

पातेलं सरकवताना त्याच्या बाहीला खळ लागली, ती त्याने चष्मेवाल्याच्या कोटाला पुसली. साडेचार. मुंगी टाइप करत होती आणि वहिनी तिच्या खांद्यावरून प्रश्न वाचत होती, चष्मा नसताना. कुठलंही दुखणं लिहायचं उरलं नाही. दाढ काढलेलीसुद्धा लिहिली. वारस कोण, हे विचारलं तेव्हा मी वहिनीचं नाव सांगितलं. वहिनी म्हणाली, "इश्श, मी कशाला," आणि शिंप्याला खिडकीतून उगाचच विचारलं, "काय हो, गिऱ्हाईक बरं आहे का आज?"

"शेवटचा रकाना," मुंगी म्हणाली. "विमा काढणाऱ्याशी नातं. बायको, मुलगा, आई, असं सगळं आहे." ती थांबली.

एकवीस वर्षं त्या रकान्यात 'बहीण' होतं. त्याच्या आधी रेशनच्या कागदांवर 'मुलगी'.

"सगळ्यात वरचं बघ," दादा तिच्या मागून म्हणाला. "तिथे काय लिहिलंय?"

"स्वतः."

"मग तेच घाल की. वाट कुणाची बघतेस?"

चार वाजून एकोणपन्नास मिनिटांनी मुंगीने मला माझ्याच बोटाने ते बटण दाबायला लावलं. चाक फिरत राहिलं. धाकटा मोठ्याने सेकंद मोजत होता, वहिनी त्याला गप्प करत होती. मग पडद्यावर एक लांबलचक नंबर आला. फोन वाजला. "मिळालं," एजंटबाई म्हणाली. "सोमवारी तपासणीला या. डॉक्टर बघतील. हप्ता वाढवतील, किंवा नाहीसुद्धा म्हणतील, मी आत्ताच शब्द देत नाही. पण वय चौसष्ट धरलं गेलं हं, त्याची काळजी नको." आज माझ्या छातीत जी नवी झडप उघडझाप करते, तिचं बिल पुढे त्या चष्मेवाल्यानेच भरलं. पण त्या संध्याकाळी हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तरीही आम्ही असे नाचलो, की हजेरीबुकांची चळत जिन्यावरून घसरली.

सगळे वर चहाला गेले तेव्हा दादा मागे राहिला. मी सुटलेले त्याचे कागद गोळा करत होते, पुन्हा शिवायला.

"ते राहू दे," तो म्हणाला. "तुझी पानं किती आहेत एकूण?"

"गळ्याची सहा. हे एक. आणि आज छापून येईल तो फॉर्म."

"म्हणजे बारीक खंड होईल." त्याने फळीवरून कापडाचे तुकडे काढून माझ्यापुढे टाकले. "रंग सांग."

मी निळा सांगितला. त्याने कण्यावर ठसवायच्या पितळी अक्षरांचा खण उघडला. आमचं आडनाव त्या खणात नेहमी जुळवून तयार असतं, दोऱ्याने बांधलेलं, वापरून वापरून काळपट झालेलं. त्याने ते बाजूला ठेवलं आणि माझ्या नावाची अक्षरं एकेक करून शोधायला लागला. शेवटचं अक्षर बराच वेळ सापडेना. अखेर खणाच्या कोपऱ्यात, कागदात गुंडाळलेलं मिळालं. बाबांनी संच आणला तेव्हापासून ते कुणी वापरलं नव्हतं. घरात दुसऱ्या कुणाच्याच नावात ते नाही.

दादाने ते बाहीला पुसलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. ते नवं कोरं होतं, चकचकीत.

"बघ," तो म्हणाला.